डागाभोवतीचे वर्तुळ

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन गॅलरीत बसले आणि होया कार्नोसाच्या वेलाची पाने मोजली. एकूण ४३ पाने भरली आणि त्यांपैकी २९ पानांवर कुठला ना कुठला डाग होता. ही मोजणी खरे तर महिनाभर आधी व्हायला हवी होती. त्या महिन्यात ‘पानांवर डाग पडले आहेत’ एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर मी दोन औषधे देऊन मोकळी झाले होते. त्यांतल्या एकाचा काहीच उपयोग झाला नाही आणि दुसऱ्याने डाग चक्क वाढवले.

आमचे घर पुण्यात कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि गॅलरी थेट पश्चिमेची. तिथे होयाच्या ११ कुंड्या टांगलेल्या आहेत. त्यांतला हा कार्नोसा सर्वांत जुना. ‘कार्नोसा’ म्हणजे मांसल, आणि पान हातात घेतले की या नावाचा अर्थ बोटांना कळतो, इतके ते जाड आणि मेणचट असते. गुलाबाचे किंवा जास्वंदीचे पान बिघडले की काही दिवसांत पिवळे पडून गळते, आणि डागाचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. होयाचे पान वर्षानुवर्षे वेलावर टिकते आणि अंगावर आलेले सारे वण वागवीत राहते. त्यामुळे मागच्या पावसाळ्यातला डाग आणि मागच्या आठवड्यातला डाग एकाच पानावर शेजारीशेजारी असू शकतात. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच ताजे वाटतात. माझ्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथे होते.

पहिली चूक कडुनिंबाच्या तेलाची. फेब्रुवारीत काही पानांवर तपकिरी ठिपके दिसल्यावर मी एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पाण्यात तेल आणि थोडा साबण मिसळून वेल अगदी न्हाऊ घातला आणि कुंडी पुन्हा कठड्याजवळ टांगली. दुपारी दोननंतर तिथे पश्चिमेचे ऊन थेट येते. पुढच्या रविवारपर्यंत बाहेरच्या बाजूच्या पानांवर बोटाच्या पेराएवढे फिकट, कागदासारखे कोरडे चट्टे उमटले होते. रोग बळावतो आहे असे समजून मी तेलाचे प्रमाण वाढवून पुन्हा फवारणी केली. दुसरे औषध रोपवाटिकेतून आणलेले, कुंडीत घालायचे कीटकनाशक होते. त्यानेही फरक पडला नाही. याच काळात पानांवरचे चंदेरी शिंतोडे हीसुद्धा कीडच असावी असे वाटून मी एक संपूर्ण दुपार ओल्या फडक्याने ते पुसण्यात घालवली. ते अर्थातच पुसले गेले नाहीत, कारण ती या वेलाची जन्मजात नक्षी आहे आणि हौशी लोक तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजतात.

समोरच्या इमारतीत कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक राहतात. वनस्पतींच्या रोगांचे शास्त्र हा त्यांचा विषय. सोसायटीत त्यांना सगळेच ‘सर’ म्हणतात. एक डागाळलेले पान तोडून मी त्यांच्याकडे घेऊन गेले, तर त्यांनी ते हातातसुद्धा घेतले नाही.

“एका पानावरून मी काय सांगणार, ताई? डाग वेलावर कुठे आहेत ते सांगा. उन्हाच्या बाजूला आहेत की भिंतीच्या? जुन्या पानांवर आहेत की नव्या? बोट फिरवलं तर हाताला काही लागतं का?”

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर स्वतः आले, खिशात दसपट मोठे दाखवणारे भिंग घेऊन. त्यांनी वेलाभोवती बराच वेळ घालवला, पण औषधाचे नाव काही घेतले नाही. जाताना म्हणाले, “सीडीवर लिहायचा मार्कर असेल ना घरात? प्रत्येक डागाच्या कडेकडेनं बारीक रेघ ओढा, बाजूला तारीख घाला आणि आठ दिवस अजिबात काही फवारू नका. डाग रेघेच्या बाहेर आला तर तो जिवंत. आतच राहिला तर ती जुनी जखम आहे, तिला औषध नसतं.”

मी १७ डाग निवडून त्यांभोवती वर्तुळे काढली. आठ दिवसांनी पाहिले, तर १४ डाग रेषेच्या आत जसेच्या तसे होते आणि तीन बाहेर पडले होते. तिन्ही वेलाच्या टोकाकडच्या कोवळ्या पानांवर होते. माझी महिनाभराची घबराट आणि दोन औषधे मुख्यतः त्या १४ डागांवर खर्ची पडली होती, हे पचायला थोडे जड गेले.

त्या १४ डागांचेही दोन गट निघाले. नऊ डाग कठड्याच्या बाजूच्या पानांवर, फक्त वरच्या पृष्ठभागावर होते आणि ते सपाट व फिकट होते. एका ठिकाणी दोन पाने एकमेकांवर आलेली होती. वरचे पान मी बाजूला केले, तेव्हा खालच्या पानावर चट्टा जिथे थांबला होता ती कड वरच्या पानाच्या आकाराची होती, जणू सावलीचा छाप. कीड किंवा बुरशी अशी शिस्त पाळत नाही. हे उन्हाने भाजणे होते, आणि तेलाचा थर व पश्चिमेचे ऊन एकत्र आल्याने ते अधिक झाले होते. तेल संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारायचे आणि निदान दोन दिवस कुंडी सावलीत ठेवायची, हा साधा नियम मी पाळला नव्हता.

उरलेले पाच डाग वेलाच्या बुडाकडच्या जुन्या पानांवर, बहुतेक खालच्या बाजूला होते. त्यांवर बोट फिरवले तर ते खरखरीत लागत, कारण बाटलीच्या बुचासारख्या तपकिरी, किंचित उंच पुटकुळ्यांचे ते पुंजके होते. “ही पानाला आलेली सूज,” सर म्हणाले, “आणि हे तिचे व्रण.” मुळे ओल्या मातीतून पाणी वर चढवत राहतात, पण ढगाळ, दमट हवेत पानातून ते पुरेसे बाहेर पडत नाही. मग पेशी फुगतात, फुटतात आणि त्या जागी बुचासारखी खपली धरते. मला मागचा ऑगस्ट आठवला. तीन आठवडे ऊन असे दिसलेच नव्हते, आणि तरीही मी सवयीने एक दिवसाआड पाणी घालत होते. म्हणजे ज्या डागांसाठी मी फेब्रुवारीत औषध शोधत होते, ते ऑगस्टमध्ये पडून, वाढून, वाळूनसुद्धा गेले होते.

खरा प्रश्न त्या तीन कोवळ्या पानांचा होता. ती आकाराने लहान, जरा वेडीवाकडी आणि निस्तेज होती. देठाजवळ आणि मधल्या शिरेच्या कडेने गंजासारखी तांबूस छटा पसरत होती. जाळे कुठेच दिसत नव्हते, म्हणून पानांचा रस शोषणारा, जाळे विणणारा नेहमीचा बारीक लाल कोळी नसावा असे मला वाटले. सरांच्या भिंगातूनही स्पष्ट असे काही दिसले नाही. तेव्हा माझ्या भाच्याला शाळेत मिळालेला फोल्डस्कोप कामी आला. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला, कागदाच्या घड्यांचा हा सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठे दाखवतो. मात्र त्यात उजेड आरपार जावा लागतो आणि होयाचे जाड पान तर अपारदर्शक. भाच्यानेच उपाय सुचवला, “मावशी, सेलोटेप लाव ना!” आम्ही पारदर्शक चिकटपट्टी पानाच्या खालच्या बाजूला, देठाजवळ दाबून लावली, हलकेच सोलून काढली, काचपट्टीवर चिकटवली आणि फोल्डस्कोप खिडकीकडे धरला.

पहिल्या तीन पट्ट्यांवर धूळ आणि कसलेसे धागे होते. चौथ्या पट्टीवर एक चपटा, लंबगोल, नारिंगी झाक असलेला जीव दिसला. त्याला आठ पाय होते. शेजारी तांबड्या रंगाची अंडी होती, इतकी झळझळीत की भाचा म्हणाला, “डाळिंबाचे दाणे!” आकाराने तो जीव पाव मिलिमीटरच्या आसपास असावा. नुसत्या डोळ्याला तो पानावरच्या धुळीच्या कणाहून वेगळा दिसणे अवघडच. सरांनी फोल्डस्कोपला मोबाइल लावून काढलेला फोटो पाहिला आणि तो चपटा कोळी, बहुधा ब्रेविपाल्पस प्रजातीतला, असे सांगितले. हा कोळी जाळे विणत नाही आणि अतिशय सावकाश फिरतो. त्यामुळे त्याने केलेले नुकसान पुष्कळदा खताच्या कमतरतेच्या किंवा पाण्याच्या खात्यावर मांडले जाते. आठ पायांचा अर्थही तेव्हा उलगडला. कोळी हा कीटक नाही, म्हणून माझ्या कीटकनाशकाने त्याचे काही बिघडले नव्हते. उलट काही कीटकनाशकांनी कोळ्यांना खाणारे उपकारक जीव मरतात आणि कोळी अधिकच माजतात.

सरांनी उपाय सुचवला तो पाण्यात मिसळणाऱ्या ८० टक्के गंधकाचा, म्हणजे द्राक्षबागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारतात त्याच भुकटीचा. मी उत्साहाने मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात गेले. “किती एकर आहे?” दुकानदाराने विचारले. ११ कुंड्या असे मी सांगितले, तेव्हा तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. सर्वांत लहान पुडा अर्ध्या किलोचा होता आणि मला लागणार होते लिटरला दोन ग्रॅम. तो पुडा अजून तीन पिढ्या पुरेल.

पुडा घरी आला, पण फवारता येईना. गंधकाची अडचण अशी की तापमान ३२ अंशांच्या वर गेले की तो स्वतःच पाने भाजतो, आणि तेलाची फवारणी होऊन दोन आठवडे उलटल्याशिवाय तर तो मारायचाच नसतो. मार्च संपत आला होता आणि दुपारचा पारा ३८ पर्यंत जाऊ लागला होता. एकदा घाईने पाने भाजून घेतलेली असल्यामुळे या वेळी मी थांबले. पावसाळ्यापर्यंतचा काळ रेटण्यासाठी कार्नोसाची कुंडी इतरांपासून दूर, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत हलवली. दर तीन दिवसांनी प्रत्येक पान तळहातावर घेऊन मऊ स्पंजाने दोन्ही बाजूंनी, विशेषतः देठाच्या बेचक्यात, पुसायचे आणि नळाखाली धुवायचे, असा क्रम ठेवला. धुण्याने कोळी संपत नाही, पण त्याची संख्या दबून राहते. मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि त्या क्षारांच्या जड पाण्याने धुतलेल्या पानांवर पांढऱ्या ठिपक्यांची नवी रांगोळी उमटली. व्हिनेगरचे काही थेंब घातलेल्या पाण्याने ती पुसली गेली. त्यानंतर पिण्याच्या नळाचे पाणी बादलीत साठवून वापरले.

याच दिवसांत मी माती बदलली. कुंडी उलटी करून गोळा बाहेर काढला, तेव्हा वरची दोन बोटे माती कोरडी होती आणि आत मात्र शाडूच्या गोळ्यासारखा घट्ट, थंड, आंबूस वासाचा गाभा होता. रोपवाटिकेतली ती मूळची लाल माती मी दोन वर्षांत एकदाही बदललेली नव्हती. गाभ्यातली मुळे काळी आणि पोकळ झाली होती, तर कुंडीच्या कडेने वाढलेली पांढरी आणि निरोगी होती. होया हा बहुतांशी झाडांच्या सालीवर चढून राहणारा वेल आहे. आपल्या सह्याद्रीतही होया वाइटीसारख्या जाती अशाच झाडांवर वाढतात. त्यांच्या मुळांना ओल मिळते तशी हवाही मिळते. कुजलेली मुळे कापून मी वेल नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइटचे हलके पांढरे खडे, कोळशाचे खडे आणि मूठभर गांडूळखत यांच्या मिश्रणात लावला आणि कुंडी एका मापाने लहान घेतली. पाणी घालण्यापूर्वी बुडाकडचे एखादे पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून पाहायचे, ताठ लागले तर पाणी नाही, ही सवय तेव्हापासून लागली. कापताना देठातून पांढरा चीक येतो. तो हाताला चिकटतो आणि डोळ्यांत जाता कामा नये.

कार्नोसाखेरीज आणखी एका कुंडीची गोष्ट सांगणे भाग आहे. रोपांच्या अदलाबदलीत मिळालेल्या एका लहानशा होयाच्या नव्या पानांवर फिकट पिवळी वलये येत होती, आणि प्रत्येक नवे पान ती घेऊनच उलगडत होते. कोळी सापडला नाही, मुळे चांगली होती, जागाही बदलून पाहिली. होयावर टोबॅमोव्हायरस गटातल्या विषाणूंच्या नोंदी आहेत. तंबाखूच्या मोझॅक रोगाचा विषाणू याच गटातला. हे विषाणू रसातून, म्हणजे कात्रीने आणि हातांनी पसरतात आणि त्यांवर उपचार नाही. घरी बसून खात्री करून घेण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता आणि मी तीच कात्री सगळीकडे वापरत होते. आठवडाभर मन घट्ट करून शेवटी मी ते रोप कुंडी आणि मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले, कंपोस्टमध्ये घातले नाही. तेव्हापासून दोन रोपांच्या मध्ये कात्री घट्ट कालवलेल्या स्किम्ड दूध पावडरीच्या पाण्यात बुडवते. दुधातली प्रथिने या विषाणूंना निष्प्रभ करतात आणि तंबाखू-टोमॅटोची रोपे हाताळणारे लोक हा उपाय फार पूर्वीपासून करत आले आहेत. आमच्या घरात मात्र याची अजून थट्टा चालते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला आणि पारा ३० च्या खाली आला. संध्याकाळी एकेक कुंडी न्हाणीघरात नेऊन, मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून मी गंधकाची फवारणी केली. कार्नोसासह सगळ्याच कुंड्यांवर केली, कारण कोळी एकाच कुंडीत थांबला असेल असे समजण्यात अर्थ नव्हता. पाने दोन्ही बाजूंनी भिजली पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. गंधकाचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून त्यांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी दर आठ दिवसांनी अशा चार फवारण्या केल्या. महिनाभर पानांवर पिवळसर भुरकट थर राहिला आणि न्हाणीघराला आगपेटीसारखा वास येत होता. प्रत्येक फवारणीपूर्वी चिकटपट्टीची तपासणी भाचा करत असे आणि वहीत आकडा लिहीत असे. कार्नोसाच्या पाच पानांवर मिळून पहिल्या वेळी नऊ कोळी, दुसऱ्या वेळी चार, तिसऱ्या वेळी एक, चौथ्या वेळी शून्य. ऑगस्टअखेरपर्यंत आणखी दोनदा पाहिले, तेव्हाही शून्यच होता.

मधल्या काळात जुलैत एका पानावर खोलगट, पिवळ्या कडेचा तपकिरी डाग आला. त्याभोवती रेघ ओढली तर दोनच दिवसांत त्याने ती ओलांडली. करप्यासारखी बुरशी असावी असे धरून ते पान देठापासून कापले, कुंड्यांमधले अंतर वाढवले आणि पानांवर पाणी पडू देणे बंद केले. तो डाग पुन्हा कुठे आला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला कळ्यांवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड आली, तोही पाण्याच्या धारेने गेला. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेतल्या रुईवर तोच मावा मला नेहमी दिसतो. रुई आणि होया एकाच कुळातल्या असल्यामुळे दोन्हींवर तो आनंदाने राहतो.

भाजलेली आणि बुचासारखे व्रण असलेली जुनी पाने मी काढली नाहीत. ती दिसायला वाईट आहेत, पण हिरवा भाग शिल्लक आहे तोवर वेलाला अन्न पुरवतात. मागच्या वर्षीच्या फुलांचे वाळल्यासारखे दिसणारे, बिनपानांचे आखूड दांडे तर मुळीच छाटायचे नसतात, कारण होया पुढची फुले त्याच दांड्यांवर धरतो. ऑगस्टमध्ये वेलाच्या टोकाला पानांची जी नवी जोडी उलगडली, ती पूर्ण आकाराची, तुकतुकीत आणि बिनडागाची होती. तिच्यानंतर आलेल्या दोन जोड्याही तशाच निघाल्या.

सप्टेंबरच्या शेवटी जुन्या दांड्यावर फुलांचा झुबका लागला. संध्याकाळनंतर त्याला गोड वास सुटतो आणि प्रत्येक चांदणीतून मधाचा थेंब लोंबत राहतो. चार-पाच दिवसांनी त्या झुबक्याखालच्या नव्या, कोऱ्या पानावर एक काळपट डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी मार्कर आणला, डागाभोवती काळजीपूर्वक रेघ ओढली, तारीख घातली आणि सरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. “ताई, वर फूल आहे का? मग तो मध आहे. त्यावर काजळी धरलीय. पुसून घ्या.”

ओल्या फडक्याने पुसला, तर डाग गेला. वर्तुळ आणि तारीख अजून आहे.